उसना घोडा : कोणता घ्यावा व कसा घ्यावा

शेतकऱ्यास जनावर उसनें घेण्याचा सराव आहे. पेरणीच्या दिवसांत एकाचा बैल व शेजाऱ्याचा बैल मिळून औत चालतें. कोठें यास वारंगुळा म्हणतात, कोठें सावड, तर कोठें पैरा म्हणतात. सकाळीं बैल आला, कामाचे दिवस संपले कीं परत गेला. त्याचा स्वभाव दोन्ही घरांस ठाऊक असतो, त्याची वैरण दोन्ही घरीं सारखीच असते, आणि कामाची फेड कामानेंच होत असल्यामुळें या व्यवहारास कागद लागत नाहीं व त्यांतून तंटाही क्वचितच निघतो.

घोड्याची गोष्ट तशी नाहीं. उसना घोडा चार दिवसांकरितां येत नाहीं. सहा महिने, वर्ष, कधीं दोन वर्षें राहतो. तो आपल्या दारीं बांधला जातो, आपली वैरण खातो, आणि त्याच्या पाठीवर बहुधा आपल्या घरचा मुलगा किंवा मुलगी बसते. निवड चुकली तर मुलाचें हाड मोडतें, घोड्याचें आयुष्य बिघडतें, आणि ज्यानें विश्वासानें दावें आपल्या हातीं दिलें त्याच्याशीं वैर येतें. म्हणून उसना घोडा कोणता घ्यावा व कोणत्या बोलीनें घ्यावा, याचा थोडा तपशिलानें विचार येथें केला आहे.

घोडा उसना कोण देतो ?

ट्रॅक्टर व मोटारसायकल आल्यापासून घोडा शेतकऱ्याच्या नित्याच्या कामांतून बाजूस सरला, हें खरें. तथापि तो गांवांतून नाहींसा झालेला नाहीं. धनगरांच्या वाड्याबरोबर तो संसार वाहतो. पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत बैलगाड्यांच्या शर्यतींत गाड्यापुढें घोडी धांवते. यात्रेंत व वरातींत तो लागतो. माथेरान व महाबळेश्वर येथें तो प्रवाशांस फिरवितो. मुलांनीं मांड ठोकून बसावयास शिकावें, स्वतः सकाळीं रपेट करीत शेतास वळसा घालावा, एवढ्याच इच्छेनें घोडा बाळगूं पाहणारे शेतकरीही आहेत.

दुसऱ्या बाजूस, ज्यांच्याजवळ घोडा आहे पण सांभाळावयास माणूस नाहीं, अशीं घरें पुष्कळ आहेत. मुलगा शिक्षणास शहरीं गेला, मालकाचे गुडघे थकले, किंवा एखाद्या वर्षीं वैरण कमी पडली, म्हणजे घोडा ठाणावर उभा राहून बिघडतो. असा मालक घोडा विकावयास तयार नसतो, पण चांगल्या घरीं सांभाळावयास देण्यास राजी असतो. देणारा व घेणारा या दोघांची गांठ पडली तर दोघांचेंही हित होतें. फक्त एक गोष्ट प्रथमपासून ध्यानांत ठेवावी. घोडा उसना मिळतो; त्याचा खर्च व त्याची जबाबदारी उसनी मिळत नाहीं.

बारगिराचा घोडा

आपल्या इतिहासांत दुसऱ्याच्या घोड्यावर बसणाऱ्यास एक खास नांव आहे, तें बारगीर. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई; बारगिराचा घोडा सरकारी पागेचा असे. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था वर्णिली आहे. तींत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार सांगितला असून, पंचवीस घोड्यांमागें पाणी देणारा एक पखालजी व नाल ठोकणारा एक नालबंद नेमलेला आहे. पावसाळ्यांत लष्कर छावणीस परत येई, त्या वेळीं घोड्यांकरितां दाणा, वैरण, औषधें व शाकारलेल्या पागा आधींच सिद्ध ठेवण्याची व्यवस्थाही तेथें सांगितली आहे.

यांतील बोध आजच्या शेतकऱ्यासही लागू आहे. बारगिरास घोडा देणाऱ्या राज्यानें घोड्यामागें पाणी, नाल, दाणा, औषध व छप्पर यांची तरतूद आधीं केली होती. उसना घोडा घेणाऱ्यानेंही या पांच गोष्टींचा हिशेब आधीं करावा व मग घोडा पाहावयास निघावें.

दुसरें एक उदाहरण आजच्या काळांतील आहे. श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी सोहळ्यांतील अश्व बेळगांव जिल्ह्यांतील अंकली येथील शितोळे सरकारांकडून येतात व अंकलीहून आळंदीपर्यंत पायीं चालत जातात. त्यांच्याबरोबर त्यांचीं संवयीचीं माणसें असतात, म्हणूनच लाखोंच्या गर्दींत व टाळमृदंगाच्या घोषांत ते शांत राहतात. घोड्याची संवय असलेला माणूस चार दिवस तरी घोड्याबरोबर आपल्या घरीं राहील, अशी सोय उसना घेणाऱ्यानें शक्यतों करावी.

आधीं काम, मग घोडा

“चांगला घोडा मिळेल काय?” असा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा फसतो. “माझ्या अमुक कामास जमेल असा घोडा मिळेल काय?” असें विचारावें. ज्या घरीं पूर्वीं कोणी घोड्यावर बसलेलें नाहीं, त्या घरीं वयानें पोक्त, अनेक हातांतून शांतपणें गेलेला, रस्त्याच्या रहदारीस न बुजणारा घोडा पाहिजे. आठ ते पंधरा वर्षांचा खच्ची केलेला घोडा किंवा स्वभावानें गरीब घोडी अशा घरास सर्वांत बरी. नवशिक्यानें वळू घोडा घेऊं नये. शेजारच्या वस्तीवर एखादी घोडी माजावर आली कीं तो कोणाच्याच हातीं राहत नाहीं. तीन-चार वर्षांचें, नुकतेंच फिरवूं लागलेलें जनावर देखणें दिसतें, परंतु शिकाऊ घोडा व शिकाऊ स्वार यांची जोडी कधींही करूं नये.

जातीचाही विचार कामाप्रमाणें करावा. भीमथडी तट्टूं अंगानें लहान, पण काटक व डोंगरवाटेस पक्कें. दख्खनच्या उन्हांत व कोरड्या वैरणीवर निभावणारें हें जनावर देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदलें गेलेलें आहे. मारवाडी व काठेवाडी घोडे अंगानें उंच, कानांचीं टोकें आंत वळलेले व तडफदार असतात. अनुभवी स्वारास ते शोभतात. शर्यतीच्या मैदानांतून निवृत्त झालेला थरोब्रेड घोडा पुष्कळदां फुकट किंवा अल्प अटींवर मिळतो, व त्याचा मोह पडतो. परंतु तो लहानपणापासून धांवण्यासाठींच घडविलेला असतो. त्याची कातडी पातळ, खाणें महाग, आणि मोकळें रान दिसतांच सुटण्याची संवय. त्यास पुन्हां शांत कामास लावणें हें जाणत्याचें काम आहे, नवशिक्याचें नव्हे.

वजनाचा हिशेब

घोडा आपल्यास पुरेल कीं नाहीं हें डोळ्यांनीं ठरवूं नये, टेपनें ठरवावें. पुढच्या पायांच्या लगत मागें, जेथें तंग आवळतात तेथें, छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोंकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोंकापर्यंत अंगाची लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीनें गुणावें व ११,८८० नें भागावें, म्हणजे घोड्याचें वजन किलोंत अजमासें मिळतें.

उदाहरणार्थ, घेर १५० व लांबी १४० सेंटिमीटर असलेल्या तट्टाचें वजन सुमारें २६५ किलो भरतें. स्वार, खोगीर व इतर सामान मिळून पाठीवरचें ओझें घोड्याच्या वजनाच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावें, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे या तट्टावर ५३ किलो भार चालेल. खोगीर आठ किलोंचें धरलें तर स्वार ४५ किलोंचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलास हें तट्टूं उत्तम. पण त्याच्या वडिलांस नव्हे. वडील ६५ किलोंचे असतील तर खोगिरासह ७३ किलो होतात, आणि त्यांस ३६५ किलोंचा घोडा पाहिजे. घेर १६८ व लांबी १५५ असलेला घोडा त्या वजनाचा भरतो. अशक्त, वयस्क किंवा पाठ वांकलेल्या घोड्यावर याहूनही कमी भार घालावा. मुलासाठीं म्हणून आणलेल्या तट्टावर घरचीं मोठीं माणसें हौसेनें बसतात, आणि दोन महिन्यांत पाठ धरलेलें जनावर मालकास परत जातें. असें होऊं नये म्हणून हा हिशेब घोडा आणण्यापूर्वीं सर्व घरास समजावून द्यावा.

शोध कोठें करावा ?

घोड्याची खरी माहिती नालबंदापाशीं असते. तो दर सहा ते आठ आठवड्यांनीं प्रत्येक घोड्याचा पाय हातीं घेतो. कोणता घोडा पाय देत नाहीं, कोणाचें खूर तडकतें, कोणाच्या घरीं घोडा नुसता उभा आहे, हें त्यास पाठ असतें. त्याच्या खालोखाल पशुवैद्यास विचारावें. मेंढपाळ धनगर, बैलगाडा शर्यतींसाठीं घोड्या बाळगणारे शेतकरी व घोडेस्वारी शिकविणाऱ्या संस्था यांच्याकडेही चौकशी करावी. नंदुरबार जिल्ह्यांतील सारंगखेडा व नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथील यात्रांत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथील व्यवहार विक्रीचा. तरीही नवशिक्यानें एखादी यात्रा अवश्य पाहावी. एका दिवसांत शेंकडों घोडे पाहावयास मिळतात, जाणतीं माणसें काय पाहतात तें कळतें, आणि मालकांच्या ओळखी होतात. शोधाची मर्यादा मात्र आपल्या गांवापासून फार दूर नसावी. मालक अधूनमधून येऊन आपला घोडा पाहूं शकेल एवढ्या अंतरावरचा व्यवहार सर्वांत सुखाचा होतो.

पाहणी

धर्माच्या गाईचे दांत पाहूं नयेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. उसन्या घोड्याचे मात्र दांत अवश्य पाहावे. घोड्याचे पुढचे दुधाचे दांत पडून मधली जोडी सुमारें अडीच वर्षांनीं, तिच्या बाजूची साडेतीन वर्षांनीं व कडेची साडेचार वर्षांनीं येते. पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. खालच्या दांतांवरील खळगे मधल्या जोडींत सुमारें सहाव्या, पुढच्या जोडींत सातव्या व कडेच्या जोडींत आठव्या वर्षीं झिजून जातात. वरच्या कडेच्या दांतावर हिरडीपाशीं एक उभी खांच सुमारें दहाव्या वर्षीं दिसूं लागते, पंधराव्या वर्षीं ती दांताच्या मध्यापर्यंत व विसाव्या वर्षीं खालपर्यंत उतरते. हा अंदाज आहे, जन्मपत्रिका नव्हे. परंतु “नऊ वर्षांचा” म्हणून सांगितलेल्या घोड्याच्या दांतावरची खांच तळाला पोंचलेली असेल, तर पुढचें बोलणें तेथेंच थांबवावें.

अंगावरचे भोवरे व रंग पाहण्यांत आपल्याकडे फार वेळ जातो. त्यांतला निम्मा वेळ खुरांस द्यावा. चारी खुरें हातीं घेऊन पाहावीं. घोडा पाय सहज देतो कीं ओढून घेतो, खुरास भेगा आहेत काय, तळव्यास दुर्गंधि येते काय, एक खूर दुसऱ्याहून अधिक गरम लागतें काय, हें पाहावें. नंतर कठीण जमिनीवर दुसऱ्याकरवीं घोडा सरळ रेषेंत आधीं चालीनें व मग दुडकीनें नेववावा. पुढचा पाय दुखत असला म्हणजे तो टेकतांना डोकें वर उचललें जातें. पाठीवर, तंगाच्या जागीं व तोंडाच्या कोंपऱ्यांत जुन्या जखमांच्या खुणा आहेत काय, तेंही पाहावें. निवांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४, श्वास ८ ते १६ व अंगाची उष्णता ३७.५ ते ३८.५ अंश असते.

स्वभावाची पाहणी एका भेटींत होत नाहीं. निदान तीनदां, आणि त्यांतील एकदां न कळवितां जावें. पाहावयास येणार म्हणून पहांटेच घोडा दमवून ठेवलेला असला तर तो गरीबच दिसणार. ठाणावरून सोडण्यापासून खोगीर घालण्यापर्यंत सर्व आपल्या डोळ्यांदेखत करावयास सांगावें. तंग आवळतांना चावतो काय, मागून जाणाऱ्यावर लाथ उचलतो काय, घरापासून दूर जातांना अडतो काय, मोटारीचा कर्णा वाजतांच बुजतो काय, ठाणावर उभा असतांना लाकूड धरून वारा ओढतो किंवा सारखा डुलत राहतो काय, या गोष्टी टिपून घ्याव्या. प्रथम मालकानें किंवा त्याच्या माणसानें बसून दाखवावें. तो स्वतः बसण्यास कांकूं करूं लागला, तर आपण बसण्याचें कारण नाहीं. त्यानंतर आपल्या घरचा सर्वांत जाणता स्वार, आणि शेवटीं ज्याच्यासाठीं घोडा हवा तो. एवढें होऊनही पंधरा दिवसांच्या बोलीवर घोडा आणून अजमावून पाहावा.

रोगाची तपासणी

दुसऱ्याचें जनावर आपल्या गोठ्याशेजारीं आणण्यापूर्वीं पशुवैद्याकडून तपासणी करून घेणें हा संशय नव्हे, शहाणपण आहे. घोड्यांतील ग्लॅंडर्स हा रोग माणसासही होतो व जीवघेणा ठरूं शकतो. २००६ सालीं तो महाराष्ट्रांत दिसून आला होता. नाकांतून चिकट पूं, नाकांत व्रण, अंगावर गांठी, हीं त्याचीं लक्षणें. परंतु लक्षणें नसतांही जनावरांत रोग असूं शकतो, म्हणून रक्ताची तपासणी करावी लागते. २००९ च्या जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याप्रमाणें हा रोग सरकारास कळविणें बंधनकारक आहे, व रोगी ठरलेलें जनावर ठेवतां येत नाहीं. या रोगाच्या रक्ततपासणीचें काम हरियाणांतील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत चालतें. रक्ताचा नमुना सरकारी पशुवैद्यामार्फत पाठवावा.

दुसरा रोग सर्रा. चावणाऱ्या माश्यांमुळें तो पसरतो, व पावसाळ्यांत आणि त्यानंतर अधिक आढळतो. मधून मधून ताप, पायांवर व पोटाखालीं सूज, आणि खात असूनही खंगत जाणें, हीं त्याचीं चिन्हें. तिसरी गोष्ट धनुर्वाताची. हा रोग घोड्यास फार लवकर होतो. खिळा किंवा कांटा रुतण्याचें निमित्त पुरतें. त्याची लस केव्हां टोंचली तें मालकास विचारून लिहून घ्यावें. घोडी असेल तर ती गाभण आहे काय हेंही तपासून घ्यावें. घोडी सुमारें अकरा महिन्यांनीं विते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यांत वरून कांहींच कळत नाहीं.

वैरण व ठाण

तीनशें किलो वजनाच्या घोड्यास रोज सुमारें सहा किलो कोरडें खाद्य लागतें, व त्यांतला मोठा भाग गवताचा असावा. सहा महिन्यांची वैरण म्हणजे नासाडी धरून बारा क्विंटल हाताशीं असावी. पाणी रोज पंचवीस-तीस लिटर, उन्हाळ्यांत व कामाच्या दिवशीं त्याहून पुष्कळ अधिक. हरळी व चांगलें वाळलें गवत हें घोड्याचें खरें अन्न. हरभरा व भरडा कामाच्या मानानें, थोडा थोडा, दिवसांतून दोन-तीन वेळां द्यावा. घोड्याचें पोट अंगाच्या मानानें लहान असतें व त्यास ओकतां येत नाहीं. म्हणून एकदम पुष्कळ दाणा खाल्ला तर पोटशूळ उठतो, आणि कधीं चारी खुरें धरून घोडा कायमचा अधू होतो. जुन्या मालकाकडची चार दिवसांची वैरण बरोबर आणावी व आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्या वैरणीवर आणावें. बुरशी धरलेला मका किंवा कडबा बैलाने खाल्ला म्हणून घोड्यास घालूं नये.

येथें एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. कोंबड्यांच्या कांहीं तयार खाद्यांत व गुरांच्या कांहीं खाद्यांत मोनेन्सिन नांवाचें औषध मिसळलेलें असतें. कोंबडीस व गाईस सोसणारें हें औषध घोड्याच्या हृदयास घातक आहे, व त्यावर उतारा नाहीं. ज्या शेतावर कुक्कुटपालन किंवा दुग्धव्यवसाय चालतो तेथें घोड्याचें खाद्य, घमेलें व कोठी सर्वस्वीं वेगळी ठेवावी, आणि गड्यांस हें स्पष्ट बजावून ठेवावें.

घोडा कळपांत राहणारा प्राणी आहे. एकटाच बांधून ठेवला तर तो खिन्न होतो व खोडी शिकतो. दुसरा घोडा नसेल तर निदान बैल किंवा शेळी त्याच्या दृष्टीसमोर असावी, आणि रोज कांहीं वेळ त्यास मोकळें सोडावें.

बोली व कागद

येथेंच बहुतेकांचें घोडें पेंड खातें. “आपल्या आपल्यांत कागद कशास?” असें म्हणून व्यवहार सुरू होतो, आणि घोडा लंगडला कीं आपलेपणा संपतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यांत दुसऱ्याच्या ताब्यांत दिलेल्या वस्तूंविषयींचीं कलमें १४८ पासून १७१ पर्यंत आहेत. विशेष असें कीं, तीं समजावून देण्यास कायदेकारांनीं उदाहरणें पुष्कळदां घोड्याचींच घेतलीं आहेत.

कलम १५० सांगतें कीं, देणाऱ्यास ठाऊक असलेला दोष त्यानें घेणाऱ्यास सांगितला पाहिजे. घोडा खोडकर असल्याचें ठाऊक असून मालकानें तें लपविलें, घोडा उधळला व स्वार पडून जखमी झाला, तर नुकसानभरपाई मालकाकडे येते. भाड्यानें दिलेल्या वस्तूच्या बाबतींत तर दोष ठाऊक नव्हता ही सबबही चालत नाहीं. कलम १५१ प्रमाणें घेणाऱ्यानें शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेतली पाहिजे. तेवढी घेतली असतां झालेल्या हानीस, निराळा करार नसेल तर, तो जबाबदार नाहीं.

कलम १५४ प्रत्येक घरांत मोठ्यानें वाचून दाखविण्याजोगें आहे. घोडा एकट्या घेणाऱ्याच्या बसण्यासाठीं दिला असतां त्यानें घरच्या दुसऱ्या माणसास बसूं दिलें, त्या माणसानें काळजीनेंच चालविला, तरीही अपघातानें घोडा पडून जायबंदी झाला, तर भरपाई घेणाऱ्यास द्यावी लागते. म्हणून कोण कोण बसणार, त्यांचीं नांवें कागदावर असावीं. पाहुण्यांस व शेजारच्या मुलांस बसवावयाचें कीं नाहीं तेंही असावें.

फुकट दिलेली वस्तु, मुदत ठरलेली असली तरी, मालक केव्हांही परत मागूं शकतो, असें कलम १५९ म्हणतें. मात्र त्या मुदतीवर विसंबून घेणाऱ्यानें कांहीं केलें असेल व लवकर परत देण्यानें त्यास मिळालेल्या लाभाहून अधिक नुकसान होत असेल, तर तेवढें नुकसान मालकानें भरून द्यावें लागतें. पागा बांधण्यास खर्च करण्यापूर्वीं हें कलम आठवावें, व परत मागण्यापूर्वीं किती दिवस आधीं कळवावयाचें तें ठरवून घ्यावें. कलम १६२ प्रमाणें दोघांपैकीं कोणी मयत झाल्यास फुकट दिलेल्या वस्तूचा हा व्यवहार संपतो. वारसांस याची कल्पना असावी. आणि कलम १६३ प्रमाणें, निराळा करार नसेल तर, वस्तूपासून झालेली वाढ मालकाची असते. तेथील उदाहरण गाय व तिच्या वासराचें आहे. घोडी व तिचें शिंगरूं यांसही तोच न्याय. वर्षभर घोडीस चारलें म्हणून शिंगरावर आपला हक्क आला, असें समजूं नये. अर्धेलीची बोली असेल तर ती आधीं लिहावी.

याखेरीज कागदावर पुढील गोष्टी असाव्या : घोड्याचें वर्णन, वय व खुणा, मालकानें सांगितलेले दोष, मुदत, कोणतें काम घ्यावयाचें व कोणतें नाहीं, वैरण, नाल व नेहमींचीं औषधें कोणाकडे, मोठें आजारपण आल्यास खर्च कोणाचा व किती रकमेपर्यंत मालकास न विचारतां करावयाचा, विमा उतरविला असल्यास हप्ता कोणी भरावयाचा, घोडी फळवावयाची कीं नाहीं, मालकानें केव्हां येऊन पाहावें, आणि घोडा मेल्यास पशुवैद्याचा दाखला घेऊन पुढें काय करावयाचें. खोगीर, लगाम, मोहरकी, झूल, तोबरा, खरारा जें जें बरोबर येईल त्याची यादी करावी. ताबा घेण्याच्या दिवशीं घोड्याचीं चारी बाजूंनीं छायाचित्रें काढून दोघांनींही ठेवावीं, छातीचा घेर मोजून लिहावा, व दोन शेजाऱ्यांच्या साक्षीनें सह्या कराव्या. एवढ्यास एक संध्याकाळ लागते.

परत देतांना

उसन्या घोड्याच्या व्यवहाराची खरी पारख परत देण्याच्या दिवशीं होते. मुदत संपण्याच्या महिनाभर आधीं मालकास कळवावें. नाल नवे करून, खरारा करून, सामानाच्या यादीप्रमाणें सर्व वस्तु मोजून, आणि आठवड्याची वैरण बरोबर देऊन घोडा पोंचवावा. आपल्याकडे त्यास कशाची संवय लागली, काय खाण्यास दिलें, कोणतें औषध केव्हां दिलें, हें लिहून द्यावें. तेथेंही घेर पुन्हां मोजावा. आणला तेव्हांपेक्षां तो कमी भरूं नये, इतकेंच पाहिलें तरी पुष्कळ झालें. ज्या घरून घोडा असा परत जातो, त्या घरास पुढच्या वेळीं घोडा शोधीत हिंडावें लागत नाहीं. नालबंदच येऊन सांगतो कीं अमक्या गांवीं एक चांगली घोडी सांभाळावयास द्यावयाची आहे, आणि मालकानें तुमचें नांव विचारलें आहे.